होडी पाण्यात घातल्यावर

चाळीस वर्षं मी मालवणच्या किनाऱ्यावर होड्यांना इंजिनं बसवली आणि मला अजून पोहता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे मला बोट लागते. किनारा जरा लांब गेला की पोटातलं सगळं वर येतं. गिऱ्हाइकांना याची फार मजा वाटायची. एक म्हातारा नाखवा नव्या माणसाला माझी ओळख करून देताना म्हणायचा, "ह्यो आमच्या इंजिनांचो डाक्टर. पेशंटाच्या घरात जाणा नाय, भायल्या खळ्यातसून औषध देता."

साठ सालाच्या आगंमागं आमच्या भागात होडीला इंजिन ही नवी गोष्ट होती. शीड आणि वल्हं यांवर पिढ्या गेलेल्या माणसांना ते लोखंडी धूड म्हणजे अंगणात आणून बांधलेलं परक्या गावचं जनावर वाटे. त्याला काय खायला घालायचं इथपासून प्रश्न. एका गृहस्थांनी वंगणाच्या जागी घरच्या घाण्याचं नारळाचं तेल ओतलं. "एकदम चोख तेल, मेस्तरी. घरात बायकां-चेडवांच्या केसांकसुद्धा ह्या लावूक देणय नाय," असं वर मलाच ऐकवलं. ते इंजिन उघडलं त्या दिवशी माझ्या दुकानात सोलकढी करायला घेतल्यासारखा वास सुटला होता आणि आतला सगळा भाग मेणासारखा चिकटून बसला होता. दुसऱ्या एकाचं म्हणणं असं, की इंजिनाचा आवाज थोडा खालच्या पट्टीत बसवून दे, मासे पळतात. मी म्हटलं, प्रयत्न करतो. काय सांगणार?

असल्या गमती सांगत बसलो तर अंक भरेल. पण संपादकांनी 'तुमच्या धंद्यातली सर्वांत मोठी आठवण' मागितली आहे. माझी सर्वांत मोठी आठवण ही माझी सर्वांत मोठी चूकही आहे. तीच सांगतो. आता या वयात गिऱ्हाईक तुटायची भीती उरलेली नाही.

मी मूळचा गिरणीतला मिस्त्री. कुडाळच्या बाजूला भाताच्या गिरण्यांमधून डिझेलची इंजिनं असत, त्यांवर एका मुसलमान उस्तादांच्या हाताखाली शिकलो. त्यांनी मला जेवू घातलं, हात धरून शिकवलं आणि तीन वर्षांनी स्वतःच्या ओळखीचं एक गिऱ्हाईक मला देऊन वेगळं केलं. असा मालक मिळणं हे नशीब. पुढे मालवणात मी दुकान टाकलं आणि इंजिनाच्या होड्यांची हवा सुरू झाल्यावर त्यात उतरायचं ठरवलं. समुद्राचं मला काही कळत नव्हतं. पण इंजिन ते इंजिन, असा माझा समज होता.

शिकायला राहिलेल्या पोराला आम्ही उमेदवार म्हणत असू. माझा पहिला उमेदवार शांताराम, आरोंद्याचा. सतरा वर्षांचा, काटकुळा, बोलायला अगदी कंजूष. त्याचा बाप खाडीवर तर चालवायचा, म्हणजे माणसं या काठावरून त्या काठावर नेणारी होडी. पलीकडे गोवा, तिथे पोर्तुगीज. हद्दीवर कडक बंदी आल्यावर बापाची तर बंद पडली आणि शांतू एका नातेवाइकाचं नाव सांगत माझ्या दुकानात आला. रात्री दुकानात झोपायचा, जेवायला आमच्या घरी.

पोरगा असा, की त्याला एकदा दाखवलेलं दुसऱ्यांदा दाखवावं लागत नसे. इंजिन उघडताना काढलेला प्रत्येक नट तो गोणपाटावर काढल्या क्रमानं मांडून ठेवायचा आणि जोडताना उलट्या क्रमानं उचलायचा. मी त्याला माझ्या उस्तादांची एक युक्ती शिकवली होती. लाकडी मुठीचा लांब पेचकस चालू इंजिनाला टेकवायचा आणि मूठ कानाला लावायची. आत काय दुखतंय ते ऐकू येतं. कुडाळच्या एका गिरणीत मी सगळं तपासून 'ठीक आहे' म्हणून हात धुवायला गेलो, तर शांतू पेचकस कानाला लावून तसाच उभा. म्हणाला, "मेस्तरी, मागल्या बेरिंगात खडखड आसा." मी म्हटलं, तुझ्या कानात. तरी उघडून बघितलं. बेरिंग फुटायच्या बेतात होतं. गिरणीचे मालक माझ्यापेक्षा त्याच्यावरच जास्त खूश झाले. मलाही बरं वाटलं. त्या वेळी बरं वाटलं, हे मुद्दाम सांगतो.

आता जयराम तांडेल. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. जयरामची स्वतःची होडी होती, तीन माणसं हाताखाली, आवाज असा की वाऱ्याच्या विरुद्ध बोलला तरी किनाऱ्यावर ऐकू यावा. मनाचा मोठा, पण रागाला आवर नाही. त्यानं इंजिन घ्यायचं ठरवलं आणि बसवायचं काम मला दिलं. माझ्या दुकानाचं ते होडीवरचं पहिलं काम. आणखी चार होडीवाले जयरामचं काय होतं ते बघत थांबले होते. त्याचं नीट झालं तर चौघंही माझ्याकडे, नाही तर कोणीच नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

इथे धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगायला हवी. इंजिन होडीच्या पोटात असतं, पंखा मागे पाण्यात. दोघांना जोडणारा लांब लोखंडी दांडा म्हणजे शाफ्ट. इंजिन आणि शाफ्ट जिथे भेटतात तिथे दोन लोखंडी तबकड्या तोंडाला तोंड लावून बोल्टांनी आवळलेल्या असतात. त्याला कपलिंग म्हणतात. या दोन तबकड्या सगळीकडून सारख्या टेकल्या पाहिजेत. एका बाजूला केसभर फट राहिली, तरी शाफ्ट फिरताना दर फेरीला बोल्टांना हिसका बसतो. मग एक दिवस बोल्ट तुटतात. इंजिन ओरडत राहतं, पंखा थांबतो आणि होडी जिथे असेल तिथे उभी.

होडी किनाऱ्यावर ओंडक्यांवर ठेवलेली. तीन दिवस खपून मी ते कपलिंग असं बसवलं, की फट मोजायची सगळ्यांत पातळ पोलादी पत्तीसुद्धा तबकड्यांच्या मधे शिरेना. गिरणीत सिमेंटच्या ओट्यावर मी असंच बसवत आलो होतो आणि तिथे ते दहा-दहा वर्षं हललं नव्हतं. मी पत्ती पुसून खिशात ठेवली आणि जयरामला म्हटलं, उद्या होडी पाण्यात घाल.

तेवढ्यात शांतू म्हणाला, "मेस्तरी, पाण्यात गेल्यार ह्या परत एकदा बघूक होया."

"कित्याक?"

"होडी पाण्यात घातल्यार बदलता. आमच्या तराच्या होडयेक पुढे एक झाकण आसा. कोरड्यार बरोबर बसता. पाण्यात घातला की दोन दिवसांनी बसणा नाय, कडेक लागता. लाकूड फुगता, बूड वायच वर-खाली होता. मगे ह्यां कपलिंग..."

जयरामनं मान वर केली. "काय म्हणता ह्यो? इंजिन बरां बसूक नाय?"

गिऱ्हाइकासमोर, आणि तेही अशा गिऱ्हाइकासमोर, माझा उमेदवार माझं काम तपासायला निघाला होता. मी म्हटलं, "गप रव रे. तराच्या झाकणाची गजाल हंय सांगा नको. मी इंजिनां बसवूक लागलंय तेव्हा तू जन्माकसुद्धा येवक नव्हतंस."

शांतूनं मापाच्या पत्त्यांचा डबा बंद करून ठेवला.

होडी पाण्यात गेली. नारळ फुटला. जयरामनं उत्साहाच्या भरात आदल्याच दिवशी डोलकाठी उतरवली होती आणि शीड बायकोला देऊन टाकलं होतं. तिनं ते गोठ्यावर घातलं. कोणीतरी विचारलं तर म्हणाला, "इंजिनाच्या होडयेक शीड म्हणजे सायबाच्या पाटलोणीर लंगोटी." सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

नव्या इंजिनाबरोबर पहिल्या काही फेऱ्यांना आमचा माणूस जाई. मला बोट लागत असल्यानं शांतू गेला. पहिला दिवस झकास. दुसऱ्या दिवशी परत आल्यावर तो म्हणाला, "शाफ्टाच्या भोकातसून पाणी येता. धडधड पण वाढली हा." मी म्हटलं, भोकाभोवतीचं पॅकिंग नवं आहे, बसेल. खरं म्हणजे तेव्हाच मला खाली जाऊन बघायला हवं होतं. होडी धक्क्यापासून वीस हातांवर नांगरलेली होती. पण बघितलं आणि फट निघाली, तर पोरगा खरा ठरणार. मी घरी जाऊन जेवलो.

तिसऱ्या दिवशी होडी दुपारपर्यंत यायची ती आली नाही. चार वाजले, पाच वाजले. जयरामची बायको वाळूत येऊन उभी राहिली. बाकीच्या होड्या आल्या होत्या. वारा उलटा पडला होता. मी वाळूत इकडून तिकडे फेऱ्या मारत होतो. शांतूच्या बापाला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

दिवेलागणीला होडी दिसली. शिडाशिवाय, दोन वल्ह्यांवर, उलट्या वाऱ्यात. चौघं आळीपाळीनं वल्हवत होते आणि शांतू डालड्याच्या डब्यानं पाणी उपसत होता. बोल्ट तुटल्यावर शाफ्ट मागे सरकला होता आणि त्याच्या भोकातून पाणी आत येत होतं. होडी टेकली तेव्हा शांतूच्या दोन्ही तळहातांची सालं निघालेली होती. मी त्याला हाताला धरून उतरवलं.

जयराम उतरला तो सरळ माझ्यासमोर. "मेस्तरी," तो म्हणाला, आणि तो ओरडला नाही यातच मला कळलं की आता आपलं दुकान बुडालं. किनाऱ्यावर सगळे जमले होते, ते चार होडीवालेही. "मेस्तरी, पाच जीव होते आत. माका खरां सांग. तुझा काम चुकला काय?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो, ते आज शपथेवर सांगता येणार नाही. खरं बोललो असतो असं म्हणायला आवडेल.

मागून शांतू म्हणाला, "बोल्ट मी आवळलंय. ढिले रवले. माझी चूक."

जयरामनं त्याच्याकडे वळून बघितलं. "तू?"

"होय."

"मेस्तरी, ह्या पोराक आजपासून माझ्या होडयेत चढूक देव नको. कोणाच्याच देव नको." मग त्या चार होडीवाल्यांकडे बघून, "आयकलास मरे?"

त्यांनी माना हलवल्या. आणि मी? मी शांतूच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "चल, हातांक तेल लाव." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा त्या होडीत उतरलो. होडी पाण्यात डुलत होती. नवे बोल्ट हातानं बसवले आणि आवळण्याआधी तबकड्यांच्या मधे पत्ती लावून बघितली. वर घट्ट; खाली पत्ती अशी सुरकन गेली, की मागोमाग दुसरी, तिसरीही गेली. जमिनीवर जे मी अचूक बसवलं होतं ते पाण्यात वाकडं झालं होतं. तराच्या झाकणासारखंच. इंजिनाच्या पायाखाली पत्र्याचे तुकडे घालून मी ते तिथेच, पाण्यात, सरळ केलं. जयरामच्या होडीनं नंतर सबंध हंगामात तक्रार केली नाही. चौघं होडीवाले ओळीनं आले. त्यांची इंजिनं मी बसवली, होडी दोन दिवस पाण्यात ठेवली, मग कपलिंग उघडून सरळ केलं. 'मेस्तरी फार बारकाईनं काम करतो' असं लोक म्हणू लागले.

आणि ज्याच्या तोंडून ते शिकलो, तो दुकानात बसून कानशीनं लोखंड घासत होता. होडीची कामं निघाली की मी एकटा जायचो. शांतूनं कधी विचारलं नाही की मी येऊ का. कधी एका शब्दानं आठवण करून दिली नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मी त्याला हळूहळू टाळू लागलो. तो जेवायला यायच्या आत जेवून घ्यायचो, नाही तर काम आहे म्हणून उशिरा जायचो.

आमच्या घरातून हे लपणार थोडंच? एक दिवस बायको ताट वाढता वाढता म्हणाली, "तुमी आताशा शांतूवांगडा जेवूक बसणास नाय."

"काम असता."

"काम," ती म्हणाली. "तेना काय केल्यान ता माका म्हायत नाय. पण तुमी काय तरी केल्यात." आणि आत निघून गेली.

उन्हाळ्यात तालुक्याच्या गावाहून एक कागद आला. हुन्नर जिवंत राहावं म्हणून काही वजनदार मंडळींनी एकत्र येऊन ठरवलं होतं, की उत्तम शिकाऊ कारागीर आणि त्याला तयार करणारा मालक अशा जोडीचा जाहीर सत्कार करायचा. ज्याचा सत्कार होईल त्याला प्रशस्तिपत्र, आणि ते दाखवलं की कोणत्याही कारखान्यात दार उघडेल. माझ्या डोळ्यांसमोर पहिलं नाव शांतूचं आलं. मनात म्हटलं, देवानंच वाट दाखवली. पोराचं भलं होईल आणि माझं ओझं उतरेल.

अर्जात दोन अडचणी होत्या. एक रकाना : 'उमेदवाराच्या हातून काही अपघात वा नुकसान घडले असल्यास तपशील द्यावा.' दुसरा : त्याच्या कामाबद्दल समाधानी असलेल्या दोन गिऱ्हाइकांच्या सह्या. पहिल्यात मी 'नाही' लिहिलं. सह्यांसाठी मालवणचा एकही होडीवाला मिळणार नव्हता. पण बाजाराच्या दिवशी कुडाळला गेलो आणि दोन गिरणीवाल्यांकडून सह्या घेऊन आलो. त्या बेरिंगवाल्यानं तर कागदावर पेन टेकवता टेकवता पोराची चौकशी केली. एसटीतून परत येताना मी खुशीत होतो. सगळं झालं होतं आणि कोणाला काही सांगावं लागलं नव्हतं.

दुकानात येऊन अर्ज शांतूसमोर ठेवला. त्यानं हात पुसले, कागद सावकाश वाचला. सह्यांपाशी थांबला.

"हे दोगव गिरणीवाले."

"मगे? तेंका तुझा काम म्हायत आसा."

"होय." त्यानं कागद घडी पडू न देता परत माझ्यासमोर ठेवला. "मेस्तरी, ह्या पत्रान माका होडयेत चढूक मिळतला?"

मी म्हटलं, अरे, पत्र मिळालं तर मुंबईला गोदीत...

"माका मुंबयेक जावचा नाय. माका होडयेचा काम शिकाचा आसा. हंयचा." आणि परत कानस उचलली.

मी त्याला शाल-श्रीफळ द्यायला निघालो होतो आणि त्याचं नाव मात्र माझ्याच खिशात ठेवलं होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर ओढतात. एकेका होडीला वीस-पंचवीस माणसं लागतात, म्हणून सगळ्या वाडीनं सगळ्यांच्या होड्या ओढायच्या अशी आमच्याकडची रीत. खाली ओंडके टाकायचे, एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी दोर खेचायचा. त्या दिवशी कोणी घरी राहत नाही. जयरामच्या होडीची पाळी आली, सगळ्यांनी दोर खांद्यावर घेतला, आणि मी होडीच्या पुढे जाऊन उभा राहिलो.

जयराम म्हणाला, "बाजूक हो, मेस्तरी. चिरडतलंस."

"वायच थांब. माका बोलाचा आसा."

मी सांगितलं. सगळं. पोरानं आधी सांगितलं होतं, मी त्याला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी परत सांगितलं, मी ऐकलं नाही. बोल्ट त्यानं नीट आवळले होते, कपलिंग माझं चुकलं होतं. त्यानं माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी ते खोटं सहा महिने खाल्लं. तुमच्या चौघांच्या होड्या ज्या रीतीनं बसवल्या ती रीतही त्याचीच.

दोर खांद्यांवर तसाच होता. कोणी खाली ठेवला नाही. जयराम होडीला वळसा घालून माझ्यासमोर आला.

"ह्यां माका एकट्याक येवन सांगलं असतंस तर?"

"तेचा नाव सगळ्यांसमोर गेलां, जयराम. एकट्याक सांगान ता परत कसा येतला?"

तो वाळूत थुंकला. मग अगदी हळू आवाजात, मी त्याला इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं, म्हणाला, "त्या दिसा वल्हवताना सगळ्या वाटेर मी तेका शियो घातलंय. आवशीबापसापर्यंत गेलंय. तो पाणी उपशीत होतो. तोंडातसून एक शबूद काढूक नाय तेना." आणि एकदम ओरडला, "बघतास काय? ओढा!"

होडी वर आली. मी पण दोर धरला. कोणी मला धर म्हटलं नाही, सोड असंही म्हटलं नाही.

संध्याकाळी जयराम दुकानाच्या दारात आला. "कागद खंय?" होडीच्या बुडाला डांबर लावून आला होता, हात काळे. त्यानं अंगठा तसाच अर्जावर दाबला, गिरणीवाल्यांच्या सह्यांच्या बरोबर मधोमध. शांतूकडे न बघता निघून गेला. मी वरचं 'नाही' खोडलं आणि लिहिलं : 'अपघात झाला. चूक मालकाची. उमेदवाराने आधीच सांगितले होते.' त्या चौघांपैकी दोघांनी पुढे वेंगुर्ल्याहून दुसरा मिस्त्री आणला. ते बरोबरच होतं. मी त्यांना दोष देत नाही.

सत्काराच्या कामाचे एक अधिकारी अर्ज घेऊन चौकशीला आले. सज्जन गृहस्थ होते. डांबराचा अंगठा, माझी खाडाखोड, सगळं पुन्हा पुन्हा वाचून म्हणाले, "अहो, सत्कार जोडीचा आहे. हे असं लिहिल्यावर तुमचा सत्कार आम्ही कसा करायचा?"

मी म्हटलं, "माझा करू नका. त्याचाच करा."

"तसा नियम नाही."

"मग नियम पाण्यात घालून बघा, बदलतो का," मी म्हटलं. चिडून म्हटलं होतं. ते आधी गोरेमोरे झाले आणि मग हसत सुटले.

आमची जोडी त्यांनी यादीत ठेवली. समारंभ एका शाळेत झाला. सुतार होते, एक शिंपी आणि त्याची पुतणी होती, एक छापखान्यातली जोडी होती. माझं नाव पुकारताना त्या गृहस्थांनी माझा रकाना मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाले, की मालकानं स्वतःची चूक लिहून पाठवलेला हा एकच अर्ज. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांच्या लायकीचं त्यात काही नव्हतं. मला खाली बघावंसं वाटत होतं आणि मी खालीच बघितलं.

शांतूला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो माइकसमोर गेला, लाल झाला, आणि कचेरीतल्या मराठीत, एकेक शब्द निवडून म्हणाला, "होडी पाण्यात घातल्यावर दोन दिवस थांबायचं. मग कपलिंग उघडून बघायचं. मगच आवळायचं." आणि येऊन बसला. मागच्या बाकांवर आमच्याकडचे काही दर्यावर्दी होते. त्यांनी जो गलका केला त्यानं शाळेच्या कौलांवरचे कावळे उडाले.

पाऊस सरला. होड्या परत पाण्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी जयराम दुकानात आला. मी उठलो, तर माझ्याकडे हात करून मला बसवलं. "शांतू, चल रे. होडी पाण्यात घातलंय, दोन दीस झाले. कपलिंग बघूक ये."

शांतूनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जा. मग राहवलं नाही, मीही मागून गेलो.

होडी धक्क्याला लागूनच होती. शांतू पोटात उतरला, पान्यानं बोल्ट सोडले, एकेक काढून गोणपाटावर मांडला. पत्ती लावली, सरकवली, मान हलवली. जयराम वरच्या फळीवर बसून विडी ओढत बघत होता. मी इंजिनाशेजारी टेकलो. इतके महिने जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते त्या अंधाऱ्या कोंदट जागेत विचारलं. "शांतू, त्या दिवशी तू खोटां कित्याक सांगलंस? माझ्यासाठी?"

मला वाटलं होतं, तो 'होय' म्हणेल. इतके दिवस मी तसंच धरून चाललो होतो, आणि माझी अर्धी लाज त्यापायीच होती.

त्यानं वर न बघता सांगितलं. "तुमचा नाव गेला असता तर तुमच्याकडे होडयो कोणी हाडल्यो असत्यो? आनि होडयोच इल्यो नसत्यो तर मी शिकलंय असतंय कशार?"

शिकायला मिळावं म्हणून त्यानं आपलं नाव देऊन टाकलं होतं, आणि ते एकच शिकणं मी त्याला सबंध हंगाम दिलं नव्हतं. तो मात्र काल-परवाची एखादी साधी गोष्ट सांगावी तसं सांगून पुन्हा पत्ती लावत होता. माझे डोळे भरून आले. अंधारात त्याला दिसलं नसावं, असं मी आपलं मानतो.

थोड्या वेळानं बोल्ट आवळायला त्यानं हात पुढे केला, इकडे तिकडे चाचपलं, आणि म्हणाला, "मेस्तरी, वायच सरकतास? तुमी पान्यार बसल्यात."

मी सरकलो.